जनरलसाहेबांचं तुर्की गिऱ्हाईक

8 नोव्हेंबर 2016. अमेरिकेत अध्यक्षपदासाठी मतदान चालू होतं आणि त्याच दिवशी वॉशिंग्टनच्या 'द हिल' या राजकीय वृत्तपत्राने निवृत्त लेफ्टनंट जनरल मायकेल फ्लिन यांचा एक लेख छापला. तुर्कस्तान हा आपला जुना मित्र संकटात आहे, त्याच्या पाठीशी उभं राहा, असा लेखाचा सूर होता. रोख मात्र एका माणसावर होता. पेनसिल्व्हेनियात राहणारे तुर्की धर्मगुरू फेतुल्ला गुलेन यांची फ्लिन यांनी इराणच्या खोमेनींशी तुलना केली, तुर्कांच्या नजरेतून हा त्यांचा ओसामा बिन लादेनच आहे असं म्हटलं, आणि अशा माणसाला अमेरिकेने आसरा देऊ नये, असा सल्ला दिला. लेखकाची ओळख म्हणून लष्करी कारकीर्द आली. लेखकाच्या कंपनीला याच विषयावर काम करण्याचे पैसे मिळत होते, हे कुठेच आलं नाही. दहा दिवसांनी, निवडणूक जिंकलेल्या ट्रम्प यांचे राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार म्हणून फ्लिन यांचं नाव जाहीर झालं.

गंमत अशी, की चार महिन्यांपूर्वी हेच गृहस्थ नेमकं उलटं बोलत होते. 15 जुलै 2016 ला तुर्की लष्करातल्या एका गटाने राष्ट्राध्यक्ष एर्दोगन यांचं सरकार उलथवायचा प्रयत्न केला, तेव्हा फ्लिन क्लीव्हलँडमध्ये भाषण देत होते. उठाव फसायचा होता अजून. तुर्की लष्कर धर्मनिरपेक्ष आहे, एर्दोगन देशाला इस्लामवादाकडे ओढत आहेत, तेव्हा या घडामोडीला टाळ्या वाजवायला हरकत नाही, असं त्यांनी श्रोत्यांना सांगितलं. त्याचं चित्रीकरण आहे. उठाव फसला, एर्दोगन यांनी त्याचं खापर गुलेन यांच्यावर फोडलं (गुलेन यांनी शेवटपर्यंत नाकारलं) आणि त्यांना ताब्यात द्या, असा तगादा अमेरिकेमागे लावला. मत बदलणं हा गुन्हा नव्हे. पण जुलैतल्या टाळ्या आणि नोव्हेंबरमधला लेख यांच्या मधे एक करारपत्र आहे, आणि हे सगळं प्रकरण त्या करारपत्राभोवती फिरतं.

फ्लिन 2012 ते 2014 संरक्षण खात्याच्या गुप्तचर संस्थेचे प्रमुख होते. तिथून बाहेर पडल्यावर त्यांनी 'फ्लिन इंटेल ग्रुप' ही सल्लागार कंपनी काढली. भागीदार होते बिजन रफीकियन, अमेरिकेच्या एक्झिम बँकेचे माजी संचालक. उठावानंतर काही आठवड्यांतच रफीकियन आणि एकिम अल्पतेकिन या तुर्की व्यावसायिकात बोलणी सुरू झाली. अल्पतेकिन तुर्की-अमेरिकी व्यापार परिषदेचे अध्यक्ष होते, म्हणजे अंकारात उठबस असलेला माणूस. पुढे न्यायालयात सादर झालेल्या ईमेलमध्ये 10 ऑगस्टचा एक ईमेल आहे. परराष्ट्रमंत्री आणि अर्थमंत्र्यांना भेटून आलो, गोपनीयता, रक्कम आणि कामाचा आवाका यावर बोलायला हिरवा कंदील मिळाला आहे, असं त्यात अल्पतेकिन लिहितात. काम तुर्की सरकारचं होतं की नव्हतं, यावर पुढे 2023 पर्यंत कोर्टकचेरी चालली. ती वाचताना हा ईमेल हाताशी ठेवावा.

करार मात्र सरकारशी झाला नाही. तो झाला अल्पतेकिन यांच्या नेदरलँड्समधल्या 'इनोव्हो' नावाच्या कंपनीशी. 15 ऑगस्टपासून नव्वद दिवस, 6 लाख डॉलर. प्रकल्पाला आधी 'सत्य' असं नाव होतं, मग ते 'विश्वास' झालं. सप्टेंबरात 2 लाख, ऑक्टोबरात 1 लाख 85 हजार, आणि लेख छापून आल्यावर सहा दिवसांनी 1 लाख 45 हजार, असे एकूण 5 लाख 30 हजार डॉलर जमा झाले. त्यातले दोनदा 40-40 हजार 'सल्ला शुल्क' म्हणून परत इनोव्होकडे गेले. गिऱ्हाईकच दुकानदाराला पैसे देतं आणि वर त्याच्याकडून सल्ल्याची फीही घेतं, हा हिशेब सरकारी वकिलांना पचला नाही तर नवल नाही.

पैशाच्या बदल्यात काम काय, तर गुलेन. त्यांच्याविषयी माहिती जमवायची, त्यांच्यावर एक माहितीपट करायचा, संसदेत कानभरणी करायची. मोनोपॉली खेळाच्या पटासारखं गुलेनविरोधी एक चित्रसुद्धा तयार झालं होतं. त्या मानाने 19 सप्टेंबरची बैठक गंभीर होती. न्यूयॉर्कमधल्या हॉटेलात फ्लिन आणि त्यांचे सहकारी तुर्कस्तानचे परराष्ट्रमंत्री मेव्हलुत चावुशोलू आणि ऊर्जामंत्री बेरात अल्बायराक यांना भेटले. अल्बायराक एर्दोगन यांचे जावई. बैठकीला सीआयएचे माजी संचालक जेम्स वूल्सी काही वेळ हजर होते. प्रत्यार्पणाची कायदेशीर वाट सोडून गुलेन यांना देशाबाहेर हलवण्याविषयी तिथे बोलणं चाललं होतं, असं वूल्सींनी नंतर पत्रकारांना सांगितलं. फ्लिन यांच्या प्रवक्त्याने त्याचा इन्कार केला. खरं काहीही असो, काम व्यापारी गुंतवणुकीविषयीचं होतं असं कंपनीने पुढे सांगितलं, पण तशा कामासाठी दोन मंत्री भेटायला येत नसतात.

आणखी एक तारीख लक्षात ठेवण्यासारखी आहे. 17 ऑगस्टला, म्हणजे करार लागू झाल्यावर दोनच दिवसांनी, उमेदवार ट्रम्प यांना गुप्तचर संस्थांनी पहिली गोपनीय माहिती दिली. ट्रम्प यांच्यासोबत खोलीत त्यांचे सल्लागार म्हणून फ्लिन बसले होते.

आता कायदा. अमेरिकेचा विदेशी हस्तक नोंदणी कायदा, 'फारा', 1938 चा आहे. नाझी जर्मनीचा प्रचार अमेरिकेत भाडोत्री माणसांकरवी चालत होता, त्यावर तो आला. त्याने लॉबिंगला, म्हणजे पैसे घेऊन सरकारदरबारी कुणाची तरी बाजू मांडण्याला, बंदी घातली नाही, आजही घालत नाही. परक्या सरकारसाठी, पक्षासाठी, कंपनीसाठी किंवा त्यांच्या सांगण्यावरून तुम्ही अमेरिकेत राजकीय काम करत असाल तर तसं सांगा, एवढंच तो म्हणतो. काम स्वीकारल्यापासून 10 दिवसांत न्याय खात्याकडे नोंदणी करायची, कराराची प्रत जोडायची, दर सहा महिन्यांनी कोणाला भेटलो, किती पैसे आले-गेले याचा तपशील द्यायचा. लेख, पत्रकं, जाहिराती यांवर 'हे अमक्या विदेशी धन्यासाठी प्रसृत केलं आहे' असा ठळक मजकूर हवा आणि त्याची प्रत 48 तासांत खात्याकडे जायला हवी. फ्लिन यांच्या बाबतीत नोंदणीची मुदत 25 ऑगस्टच्या आसपास संपत होती.

त्यांनी नोंदणी केली नाही असं मात्र नाही, आणि इथे प्रकरण खरं रंगतं. त्यांच्या कंपनीने सप्टेंबरात संसदेकडे, 1995 च्या लॉबिंग कायद्याखाली, इनोव्होसाठी नोंद केली. हा दुसरा कायदा मुळात देशी लॉबिंगसाठी. अर्ज आटोपशीर, भेटींचा तपशील द्यावा लागत नाही, कराराची प्रत लागत नाही. फारामध्ये सवलत आहे, की गिऱ्हाईक खासगी विदेशी कंपनी असेल आणि तुम्ही 1995 च्या कायद्याखाली नोंद केली असेल, तर फाराची नोंद माफ. कामाचा मुख्य लाभार्थी परकं सरकार असेल तर ही सवलत मिळत नाही, असं न्याय खात्याचे नियम सांगतात. पण मुख्य लाभार्थी कोण हे पहिल्या दिवशी ठरवतं कोण? अर्ज भरणाराच. मधे एक नेदरलँड्समधली कंपनी उभी केली, की कागदावर गिऱ्हाईक खासगी होतं आणि मोठ्या रजिस्टरऐवजी छोट्या रजिस्टरात सही करून भागतं. वॉशिंग्टनमधल्या वकिलांना ही वाट चांगली पाठ आहे.

आणि पकडलं जाण्याची भीती? न्याय खात्याच्याच महानिरीक्षकांचा अहवाल योगायोगाने सप्टेंबर 2016 मध्ये आला. 1966 ते 2015 या जवळपास पन्नास वर्षांत फाराखाली फौजदारी खटले भरले गेले ते 7. मोजून सात. खात्याचा रिवाज पत्र पाठवण्याचा, आठवण करून देण्याचा, उशिरा नोंद झाली तर ती स्वीकारून फाइल बंद करण्याचा.

हे प्रकरण सहसा लपवाछपवीची गोष्ट म्हणून सांगितलं जातं. मला ते अर्धंच खरं वाटतं. लपवलेलं बरंच होतं, पण नेमणूक थांबवायला पुरेसं ठरावं इतकं उघड्यावर पडलेलंही होतं. संसदेतली छोटी नोंद कुणालाही पाहता येत होती. ती 'डेली कॉलर' या संकेतस्थळाच्या वार्ताहराने पाहिली आणि 11 नोव्हेंबरला, लेख येऊन तीन दिवस होतात न होतात तोच, फ्लिन यांच्या कंपनीचा तुर्कस्तानशी असलेला धागा छापला. हे संकेतस्थळ उजव्या विचारांचं, म्हणजे विरोधकांची कुजबुज म्हणून झटकून टाकायचीही सोय नव्हती. 18 नोव्हेंबरला, नाव जाहीर झालं त्याच दिवशी, प्रतिनिधिगृहाच्या देखरेख समितीतले डेमोक्रॅट नेते एलायजा कमिंग्ज यांनी सत्तांतर पथकाचे प्रमुख आणि नवनिर्वाचित उपाध्यक्ष माइक पेन्स यांना पत्र लिहिलं. तुर्की कामाचा स्पष्ट उल्लेख करून हितसंबंधांच्या संघर्षाविषयी विचारणा केली. 30 नोव्हेंबरला न्याय खात्याचं पत्र फ्लिन यांच्याकडे गेलं. जानेवारीच्या सुरुवातीला, न्याय खातं या कामाची चौकशी करतं आहे हे खुद्द फ्लिन यांच्याकडून सत्तांतर पथकाच्या वकिलाला समजलं होतं, असं नंतर 'न्यूयॉर्क टाइम्स'ने छापलं.

एवढं असून 20 जानेवारी 2017 ला फ्लिन व्हाइट हाउसमध्ये रुजू झाले. मार्चमध्ये पत्रकारांनी पेन्स यांना विचारलं, तेव्हा त्यांनी कानावर हात ठेवले. आपण हे पहिल्यांदाच ऐकतो आहोत, म्हणाले. कमिंग्ज यांचं पत्र त्यांच्याच नावाने आलं होतं.

हे का घडू शकलं, याचं उत्तर पदाच्या स्वरूपात आहे. परराष्ट्रमंत्री, संरक्षणमंत्री, महान्यायवादी यांची नावं सिनेटपुढे जातात. तिथे मालमत्तेचं विवरण आधी द्यावं लागतं, शासकीय नीतिमत्ता कार्यालय ते तपासतं, समितीच्या प्रश्नावलीत विदेशी गिऱ्हाइकांविषयी सरळ प्रश्न असतो, आणि विरोधी पक्षाचा सिनेटर कॅमेऱ्यासमोर तो पुन्हा विचारतो. राष्ट्रीय सुरक्षा सल्लागाराला यातलं काही लागत नाही. तो अध्यक्षांचा सहायक, अध्यक्षांनी म्हटलं की नेमला. युद्ध आणि शांततेच्या प्रत्येक कागदावर ज्याची नजर फिरते, त्याची छाननी एखाद्या छोट्या देशात पाठवायच्या राजदूतापेक्षा कमी. व्हाइट हाउसच्या कर्मचाऱ्यांना विवरण द्यावं लागतं, पण कामाला लागल्यावर. फ्लिन यांच्या फेब्रुवारीतल्या विवरणात रशियाच्या 'आरटी' वाहिनीसह तीन रशियाशी संबंधित कंपन्यांकडून मिळालेल्या मानधनाचा उल्लेख नव्हता. तो आला 31 मार्चच्या दुरुस्त विवरणात. तेव्हा ते पदावर नव्हतेच.

तुर्की कामामुळे त्यांनी एखादा निर्णय फिरवला का? वादग्रस्त मुद्दा एकच आहे. सीरियातलं रक्का शहर 'आयसिस'च्या हातून सोडवण्यासाठी कुर्दी लढवय्यांना शस्त्रं द्यायची योजना ओबामा प्रशासनाने आखली होती. तुर्कस्तानचा तिला कडाडून विरोध, कारण हे कुर्द त्यांच्या लेखी दहशतवादी. जाता जाता ओबामांच्या लोकांनी येणाऱ्या मंडळींना विचारलं, आणि फ्लिन यांनी थांबायला सांगितलं, असं पुढे अमेरिकी वृत्तपत्रांनी छापलं. योजनेला मंजुरी मिळाली मे महिन्यात. नव्या सरकारने जुन्या सरकारची योजना नीट पाहून घ्यावी, यात गैर काहीच नाही. फ्लिन यांच्या मनात इनोव्होचा धनादेश होता, असं कुणी सिद्ध केलेलं नाही आणि ते सिद्ध करता येण्यासारखंही नाही. पण त्या दिवशी विचारणाऱ्याला उत्तर देणाऱ्याचं गिऱ्हाईक ठाऊक नव्हतं. हितसंबंध जाहीर करायचे असतात ते या क्षणासाठी. नंतर मन उकलून दाखवता येत नाही.

पद गेलं ते तुर्कस्तानमुळे नव्हे. रशियन राजदूत किस्ल्याक यांच्याशी झालेल्या संभाषणाविषयी पेन्स यांना खोटं सांगितल्यावरून 13 फेब्रुवारीला राजीनामा द्यावा लागला. एकूण 24 दिवस. त्यानंतर तीन आठवड्यांनी, 7 मार्च 2017 ला, त्यांच्या वकिलांनी फाराखाली नोंदणी केली. या कामाचा मुख्य लाभ तुर्कस्तानला झाला असं म्हणता येऊ शकेल, अशी बेतशीर कबुली तिच्यात होती. दहा दिवसांची मुदत, अर्ज सव्वासहा महिने उशिरा. वरातीमागून आलेल्या या घोड्याच्याही पाठीवर खोटंच लादलेलं होतं, हे डिसेंबरात कळलं. 1 डिसेंबर 2017 ला फ्लिन यांनी किस्ल्याक प्रकरणात एफबीआयला खोटं सांगितल्याचा गुन्हा कबूल केला. सोबतच्या निवेदनात फाराच्या अर्जाचाही समावेश होता: तुर्की सरकारचा कामात किती हात होता ते कंपनीला ठाऊक नव्हतं, हे खोटं, काम अमेरिकी कंपन्यांचा तुर्कस्तानवरचा विश्वास वाढवण्याचं होतं, हे खोटं, आणि 'द हिल'मधला लेख फ्लिन यांनी स्वतःहून लिहिला, हेही खोटं. तुर्की अधिकाऱ्यांची देखरेख आणि सूचना यांविषयी मौन, ते वेगळंच. मात्र यासाठी स्वतंत्र आरोप लावला नव्हता.

तो लागला भागीदारावर. डिसेंबर 2018 मध्ये रफीकियन आणि अल्पतेकिन यांच्यावर व्हर्जिनियात आरोपपत्र दाखल झालं. अल्पतेकिन तुर्कस्तानातून खटल्याला आलेच नाहीत. फ्लिन सरकारी साक्षीदार व्हायचे होते, पण अर्ज खोटा आहे हे माहीत असून मी सही केली असं म्हणायला त्यांनी ऐन वेळी नकार दिला, आणि सरकारने त्यांना साक्षीला बोलावलंच नाही. जुलै 2019 मध्ये ज्यूरीने रफीकियन यांना दोषी ठरवलं. दोन महिन्यांनी न्यायाधीश अँथनी ट्रेंगा यांनी तो निकाल फिरवला, कारण तुर्की सरकारच्या आदेशाखाली किंवा नियंत्रणाखाली काम चाललं होतं याला पुरेसा पुरावा त्यांना दिसला नाही. 2021 मध्ये अपील न्यायालयाने उलट मत दिलं. ट्रेंगांनी पुन्हा नव्या खटल्याचा आदेश दिला, 2023 मध्ये अपील न्यायालयाने तो उचलून धरला, आणि सरकारने खटला सोडून दिला. फ्लिन यांनी आपली कबुली मागे घ्यायचा अर्ज जानेवारी 2020 मध्ये केला होता. न्याय खात्यानेच मग खटला काढून टाकायची विनंती केली, न्यायाधीश ती पटकन मानेनात, तेव्हा 25 नोव्हेंबर 2020 ला ट्रम्प यांनी माफी देऊन विषय मिटवला. म्हणजे करार, ईमेल, पैसे, मंत्र्यांची बैठक, लेख, सगळं पटलावर असताना विदेशी हस्तक म्हणून काम केल्याची शिक्षा या प्रकरणात कुणालाही झाली नाही.

परिणाम दुसरीकडे झाला. ट्रम्प यांचे माजी प्रचारप्रमुख पॉल मॅनाफोर्ट, पोडेस्टा ग्रुप ही लॉबिंग कंपनी अशा बड्या मंडळींनी 2017 मध्ये जुन्या युक्रेनी कामांची नोंद घाईघाईने केली. वॉशिंग्टनच्या वकिली कंपन्यांत फाराचे जाणकार महाग झाले. 2019 मध्ये फारा शाखेच्या प्रमुखपदी ब्रँडन व्हॅन ग्रॅक आले, ज्यांनी रशियाच्या निवडणूक-हस्तक्षेपाची चौकशी करणारे विशेष वकील रॉबर्ट म्युलर यांच्या पथकात फ्लिन यांचा खटला सांभाळला होता. ट्रम्प यांनीही 28 जानेवारी 2017 च्या आदेशाने आपल्या नेमणुकांना पद सोडल्यावर परक्या सरकारांसाठी लॉबिंग करायला आजन्म बंदी घातली होती. आदेश निघाला तेव्हा फ्लिन पदावर होते. कार्यकाळ संपता संपता ट्रम्प यांनीच तो मागे घेतला.

भारतीय वाचकाला हे सगळं परकं वाटायचं कारण नाही. वॉशिंग्टनमधला आपला दूतावास वर्षानुवर्षं लॉबिंग कंपन्या नेमतो, आणि त्यांचे करार फाराच्या संकेतस्थळावर कुणालाही वाचता येतात. एप्रिल 2025 मध्ये ट्रम्प यांचे जुने सल्लागार जेसन मिलर यांच्या कंपनीशी वर्षाला 18 लाख डॉलरचा करार झाला, तो आपल्याला कळला तिथूनच. आपला करदाता आपल्याच सरकारचा खर्च अमेरिकेच्या न्याय खात्याच्या कृपेने वाचतो! डिसेंबर 2012 मध्येही तेच झालं होतं. वॉलमार्टने लॉबिंगवर सुमारे 125 कोटी रुपये खर्चले आणि त्यात भारतातल्या किरकोळ व्यापाराचा विषय होता, हे अमेरिकी संसदेतल्या विवरणांतून बाहेर आलं. ती रक्कम अनेक विषयांवरची होती आणि अमेरिकेत खर्च झाली होती, पण इथे संसद ठप्प झाली आणि निवृत्त न्यायमूर्ती मुकुल मुदगल यांची समिती नेमावी लागली. आपल्याकडे असं रजिस्टरच नसल्यामुळे उलट दिशेचा प्रश्न विचारायची सोय नाही. दिल्लीत कोण कुणासाठी कुणाला भेटतो, याची नोंद कुठे बघणार?

रजिस्टर असून काय होतं, ते फ्लिननंतरच्या एका नेमणुकीत दिसलं. पाम बाँडी यांची गोष्ट फ्लिन यांच्या अगदी विरुद्ध आहे. त्यांनी बॅलार्ड पार्टनर्स या लॉबिंग कंपनीत असताना कतारसाठी काम केलं आणि ते फाराखाली रीतसर नोंदवलं. 2024 च्या अखेरीस महान्यायवादी म्हणून, म्हणजे फारा राबवणाऱ्या न्याय खात्याच्याच प्रमुख म्हणून, त्यांचं नाव आलं, आणि पद सिनेटच्या मंजुरीचं असल्यामुळे जानेवारी 2025 च्या सुनावणीत कतारचा प्रश्न उघड विचारला गेला. फुटबॉल विश्वचषकाआधी मानवी तस्करी रोखण्याचं ते काम होतं, त्याचा अभिमान आहे, असं उत्तर त्यांनी दिलं. 4 फेब्रुवारीला 54 विरुद्ध 46 मतांनी नेमणूक मंजूर झाली. 5 फेब्रुवारीला, रुजू झाल्याच्या दिवशी, त्यांनी काढलेल्या परिपत्रकांपैकी एकाने फाराखालचे फौजदारी खटले हेरगिरीसारख्या वर्तनापुरते मर्यादित केले आणि एफबीआयचं विदेशी प्रभावाविषयीचं पथक बरखास्त केलं. मे महिन्यात कतारच्या राजघराण्याने ट्रम्प यांच्यासाठी सुमारे 40 कोटी डॉलरचं बोइंग 747 देऊ केलं, तेव्हा ते स्वीकारणं कायद्यात बसतं, असा अभिप्राय बाँडी यांनी दिल्याचं वृत्त आलं. कतारचं काम त्यांनी नोंदवलेलं होतं, त्यामुळे नियमभंगाचा प्रश्न कुणालाच काढता आला नाही.